काळी जीभ, ज्वारी आणि कुत्र्याचे पोट

खानदेशात घरात उरलेली भाकरी कुत्र्याला घालण्याची रीत जुनी आहे. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत ही भाकरी बहुधा ज्वारीची, नाहीतर बाजरीची असते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत येणारी दादर ज्वारी ही तर या भागाची ओळखच. कुत्र्याचे पोट बिघडले की ‘काहीतरी खाल्ले असेल’ असे आपण म्हणतो. पण आतड्याचा दाह कधीकधी खाल्लेल्या पदार्थामुळे नव्हे, तर न मिळालेल्या पदार्थामुळे होतो. हे विज्ञानाला उमगले ते कुत्र्यांच्याच एका रोगातून. आणि त्या इतिहासातला एक अध्याय आपल्या ज्वारीचा आहे.

अमेरिकेतील काळी जीभ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कुत्र्यांना ‘काळी जीभ’ नावाचा रोग होत असे. तोंडाची आतली बाजू लाल होऊन सुजे, मग जीभ काळसर-निळी पडे. घाण वासाची लाळ गळे, कुत्रे अन्न सोडी, रक्ताचे जुलाब होत आणि अखेर ते मरे. त्याच प्रदेशात गरीब माणसांना पेलाग्रा होई. त्यातही तोंड येणे व जुलाब ही लक्षणे असत. शिवाय उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडे आणि बुद्धिभ्रम होई. हा प्रदेश कापसाचा, आणि गरिबांचे मुख्य अन्न मका.

पेलाग्रा संसर्गजन्य आहे, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानीत. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे हे काम आले. अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत रोग तेथे राहणाऱ्यांना होतो, सेवकांना मात्र होत नाही, हे त्यांनी हेरले. रोगजंतू असा भेद करीत नाहीत. ताट मात्र करते. १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगात ११ स्वयंसेवक कैद्यांना त्यांनी मुख्यतः मका व इतर पिष्टमय पदार्थांवर ठेवले. काही महिन्यांत ६ जणांना रोगाची लक्षणे दिसली.

पुढचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. निकृष्ट आहार देऊन काळी जीभ निर्माण करायची आणि मग एकेक पदार्थ देऊन पाहायचा, अशी ही पद्धत होती. यीस्ट, यकृत, मांस यांनी कुत्र्याचे तोंड व आतडे सुधारे. आणि हेच पदार्थ माणसालाही गुण देत. त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, हे कळण्यापूर्वीच १९२९ साली गोल्डबर्गर वारले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजेम यांनी आजारी कुत्र्याला केवळ ३० मिलिग्रॅम निकोटिनिक आम्ल दिले आणि ते झपाट्याने सुधारले. हेच आज आपण नायसिन म्हणून ओळखतो ते ब गटातील जीवनसत्त्व.

एक कोडे उरले होते. दुधात नायसिन फारच थोडे असते. मग दुधाने पेलाग्रा बरा कसा होतो? १९४५ साली उत्तर मिळाले. ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून शरीर स्वतः नायसिन बनवू शकते, आणि दुधाच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन भरपूर असते. मक्यात मात्र ते फार कमी.

ज्वारीचे कोडे

दख्खनच्या पठारावर मका हे मुख्य अन्न नव्हते. तरीही ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते, मग रोग का व्हावा? हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी याचा शोध घेत होते. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमायनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि ते नायसिनच्या घडणीत अडथळा आणते, असा विचार त्यांनी १९६० साली मांडला. १९६५ साली भवानी बेलवडी आणि गोपालन यांनी ज्वारीयुक्त आहारावर कुत्र्यांत काळी जीभ निर्माण करून दाखवली.

वाद तेथे संपला नाही. १९७८ साली मॅन्सन व कार्पेंटर यांनी कुत्र्यांना भरपूर ल्युसिन देऊन पाहिले, पण त्यांना अपेक्षित परिणाम दिसला नाही. त्यामुळे ल्युसिनचा वाटा नेमका किती, यावर मतभेद राहिले. एकाच धान्यावर जगणे धोक्याचे, याविषयी मात्र कोणाचेच दुमत नव्हते.

म्हणून ज्वारीला दोष देऊ नये. खानदेशात ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळतात. त्या पिठाची कळण्याची भाकरी ठेच्याबरोबर आवडीने खातात. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, तर उडदात सुमारे २४. उडदाच्या प्रथिनांत ल्युसिनचे प्रमाणही ज्वारीपेक्षा कमी. कळणा हे पेलाग्र्यावरचे औषध म्हणून शोधले गेले, असे म्हणता येणार नाही. पण जोडधान्याचा फायदा त्यातून मिळतो, हे खरे.

आजचा उपचार

काळी जीभ आता क्वचितच दिसते. पण कुत्र्या-मांजरांतील आतड्याचा जुनाट दाह पशुवैद्यांच्या नित्य परिचयाचा आहे. जंत व इतर कारणे नाहीत याची खात्री झाल्यावर पशुवैद्य बहुधा आधी आहार बदलून पाहतात. त्या प्राण्याने पूर्वी न खाल्लेले प्रथिन, किंवा बारीक तुकड्यांत विघटित केलेले प्रथिन दिले जाते. आहाराने सुधारणारे अनेक कुत्रे दोन आठवड्यांतच बरे वाटू लागल्याचे दाखवतात. या काळात बिस्किटाचा तुकडाही वर्ज्य. नाहीतर गुण कशाने आला, हे कळणार नाही. एका वेळी एकच बदल करायचा, ही गोल्डबर्गर यांचीच शिस्त.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याचे शरीर ट्रिप्टोफॅनपासून पुरेसे नायसिन बनवू शकत नाही. ते त्याला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. दूध-भाकरीवर मांजर पोसणे म्हणूनच योग्य नव्हे. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही, आणि तेच जुलाबाचे कारण ठरू शकते.

वर्गात यावर एक सोपा उपक्रम घेता येईल. घरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्या-मांजराने आठवडाभर काय खाल्ले, याची विद्यार्थ्यांनी नोंद ठेवावी आणि धान्य, डाळी, प्राणिज पदार्थ असे तीन रकाने करावेत. कोणता रकाना रिकामा राहतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. मग हेच तीन रकाने त्यांनी स्वतःच्या डब्यासाठीही भरून पाहावेत.