बांधणीला आलेले पुस्तक

१८०५ साली लंडनमधील एका लोहाराचा १४ वर्षांचा मुलगा जॉर्ज रीबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणीची उमेदवारी करू लागला. मायकेल फॅरडे हे त्याचे नाव. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते आणि आकडेमोडीपुरते झालेले. सात वर्षांच्या त्या उमेदवारीत दिवसा पुस्तके शिवायची आणि काम आटोपले की त्यांतलीच वाचायची, असा त्याचा क्रम असे.

त्या ढिगाऱ्यातील दोन गोष्टींनी त्याला विज्ञानाकडे वळवले. एक, एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकामधील विजेवरचा लेख. दुसरी, ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे १८०६ सालचे दोन खंडांचे पुस्तक. त्यावर लेखकाचे नाव नव्हते.

ते लिहिले होते जेन मार्सेट यांनी. मूळच्या स्विस असलेल्या, लंडनमधील सधन व्यापारी घराण्यातील ही कन्या. पती अलेक्झांडर मार्सेट हे वैद्य आणि रसायनशास्त्राचे जाणकार. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तेव्हा हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने गाजत होती. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असताना येथे मात्र त्यांना श्रोत्यांत जागा होती, आणि जेन बाईही जात असत.

अडचण अशी की व्याख्यान डोळे दिपवी, पण समजे थोडेच. प्रयोग एकामागून एक होत आणि विचार करायला उसंत मिळत नसे. पुढे एका स्नेह्याशी त्याच विषयावर निवांत बोलणे झाले आणि गुंता सुटला. प्रस्तावनेत त्यांनी हे सांगितले आहे. पुस्तकाची संवादरूप मांडणी या अनुभवातून आली.

पात्रे तीनच. शिकवणाऱ्या मिसेस बी., विचारी एमिली आणि उतावळी कॅरोलाइन. पहिल्याच संवादात कॅरोलाइन स्पष्ट सांगते की रसायनशास्त्राविषयी तिला फारसे कौतुक नाही. औषधविक्रेत्याच्या दुकानापलीकडे त्याचा उपयोग काय, असे तिला वाटते. वाचकाच्या मनातील कंटाळा लेखिकेने असा पहिल्या पानांतच पात्राच्या तोंडी घातला. पुढेही कॅरोलाइन शंका काढते, चुकीचे निष्कर्ष काढते, आणि प्रत्येक चुकीपाशी विवेचन थांबून पुन्हा पहिल्यापासून उलगडते. ही युक्ती दिसायला साधी आहे. पण समोरचा नेमका कुठे अडतो, हे ठाऊक असल्याशिवाय ती साधत नाही. अडलेल्या व्यक्तीनेच ते पुस्तक लिहिले होते.

हे लेखन प्रामुख्याने स्त्रियांसाठी आहे, असे मुखपृष्ठावर छापले होते. स्त्रीने असा विषय हाताळणे लोकांना रुचेल का, ही धास्तीही प्रस्तावनेत दिसते. दुकानातील कामगार पोर तर लेखिकेच्या कल्पनेतही नसावे. व्याख्यानाला प्रवेशपत्रिका लागत असे. पुस्तक मात्र बांधणीसाठी आपणहून त्याच्या हातात आले.

फॅरडेने ते केवळ वाचले नाही. परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून त्यातील विधाने त्याने पडताळली आणि ती खरी ठरली. विश्वासाने धरून ठेवावे असे काहीतरी हाती लागले, ही त्याची भावना पुढे आयुष्यभर टिकली.

१८१२ साली विल्यम डान्स या ग्राहकाने त्याला डेव्हींच्या चार व्याख्यानांच्या प्रवेशपत्रिका दिल्या. फॅरडेने टिपणे घेतली, स्वतःच्या हाताने त्यांची सुबक बांधणी केली आणि ती डेव्हींकडे पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळा-सहायक म्हणून रुजू झाला. १८३१ मधील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या त्याच्या शोधापर्यंतचा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे.

इकडे मार्सेट बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. रसायनशास्त्र झपाट्याने बदलत होते आणि नव्या आवृत्त्यांत त्या नवे शोध घालत राहिल्या. १८०७ मध्ये डेव्हींनी पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, तेही पुस्तकात आले. पुढे फॅरडेचे कामही आले. अमेरिकेत पुस्तक परस्पर छापले गेले आणि तिथल्या मुखपृष्ठांवर संपादक म्हणून पुरुषांची नावे झळकली. इंग्लंडमध्येही मूळ लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर यायला अनेक वर्षे जावी लागली. सोळावी आवृत्ती १८५३ मध्ये निघाली तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या.

स्वतः फॅरडेनेही श्रोत्यांची फळी घडवली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून भरणाऱ्या, मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांच्या १९ माला त्याने दिल्या. मेणबत्तीवरची माला त्यांपैकीच.

१८५८ च्या जूनमध्ये मार्सेट बाई निवर्तल्या. त्यानंतर जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ऑग्युस्त द ला रीव यांना लिहिलेल्या पत्रात फॅरडेने आपली ही जुनी वाचनकथा सांगितली. त्या लेखिकेची पुढे प्रत्यक्ष ओळख झाली तेव्हा किती आनंद झाला, हेही त्याने लिहिले. आपला एखादा शोधनिबंध त्यांना पाठवताना तो कृतज्ञतेची भेट म्हणूनच पाठवत असे.