अंशतः शाकाहार : वार, व्रते आणि पोषण यांच्यामधील आहारपद्धती

रोजच्या जेवणात धान्ये, डाळी, भाज्या, फळे आणि दूधदुभते यांना प्रमुख स्थान देऊन क्वचित प्रसंगी मांस अथवा मासे सेवन करणाऱ्या आहारपद्धतीस 'अंशतः शाकाहार' असे म्हणता येईल. पाश्चात्त्य देशांत अशा व्यक्तीस 'फ्लेक्सिटेरियन' म्हणतात. अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या संस्थेने 2003 या वर्षातील सर्वांत उपयुक्त शब्द म्हणून त्याची निवड केली होती. शब्द नवा असला तरी ही पद्धती भारतात शतकानुशतके रूढ आहे.

प्रकार

मांस वर्ज्य करून केवळ मासे व अन्य जलचर खाणाऱ्यांना 'पेस्केटेरियन' ही संज्ञा आहे. काही जण मासे व तांबडे मांस टाळून फक्त कोंबडी खातात. अंड्यांबाबत मात्र मतभेद आहेत. पाश्चात्त्य परिभाषेत अंडी खाणारी व्यक्ती शाकाहारी गणली जाते; भारतात वेष्टनबंद खाद्यपदार्थांवरील चिन्हांच्या नियमानुसार अंडे मांसाहारात मोडते. त्यामुळे 'शाकाहारी' या एकाच शब्दाचा अर्थ देशागणिक, किंबहुना घरागणिक बदलतो.

भारतीय परंपरा

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत मांसाहाराचे वार ठरलेले असतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, नवरात्र आणि मार्गशीर्षातील गुरुवार या दिवशी सामिष पदार्थ शिजत नाहीत. श्रावणात तर महिनाभर मांसाहार बंद असतो. गळ्यात तुळशीची माळ घेतलेला वारकरी तो कायमचा सोडतो. पण त्याच घरातील इतर मंडळी वार पाहून खातात, असेही चित्र दिसते.

या नियमांना ऋतुमानाचीही जोड आहे. पावसाळा हा अनेक माशांचा प्रजननकाळ मानला जातो आणि त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस 1 जून ते 31 जुलै या काळात बंदी असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून नव्या हंगामाचा प्रारंभ करतात. ताजी मासळी दुर्मीळ असलेल्या या दिवसांत कोकणातील स्वयंपाकघरे सुकट, सोडे आणि सुके बोंबील यांवर भागवतात.

गोवा व कोकणातील गौड सारस्वत समाजात, तसेच बंगालमधील ब्राह्मणांत मासे हा नित्याच्या आहाराचा भाग आहे. बंगालमध्येच उच्चवर्णीय विधवांना मात्र मासे निषिद्ध ठरवण्यात आले होते. आहाराचे नियम घरातील सर्वांना सारखे लागू नव्हते, हे यावरून दिसते.

आकडे काय सांगतात

प्यू रिसर्च सेंटरने 2019-20 मध्ये सुमारे 30 हजार भारतीय प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 39 टक्के व्यक्तींनी स्वतःस शाकाहारी म्हटले. परंतु मांसाहारावर कोणते ना कोणते बंधन पाळणाऱ्यांचे प्रमाण 81 टक्के होते. म्हणजे शाकाहारी व मांसाहारी या दोन कप्प्यांच्या मध्ये फार मोठा समाज वावरतो.

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आणखी एक तफावत दिसली. 15 ते 49 या वयोगटात मासे, कोंबडी अथवा मांस कधीही न खाणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे 17 टक्के, तर स्त्रियांचे सुमारे 29 टक्के होते. याच सर्वेक्षणानुसार या वयोगटातील 57 टक्के स्त्रिया व 25 टक्के पुरुष रक्तक्षयाने ग्रस्त होते. रक्तक्षयास मासिक पाळी, गरोदरपण, संसर्ग अशी अनेक कारणे असतात. केवळ मांसाहाराच्या अभावास दोष देता येणार नाही. तथापि, व्रतांचा व वर्ज्य पदार्थांचा भार घरात कोणावर अधिक पडतो आणि ताटातील सकस वाटा कोणास शेवटी मिळतो, हा प्रश्न या आकड्यांसमोर टाळता येत नाही.

आरोग्याचा विचार

अमेरिका व कॅनडातील ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या 73 हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत मासे खाणाऱ्या शाकाहारींमध्ये मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी कमी आढळला. आठवड्यातून एकदाहून कमी वेळा मांस खाणाऱ्या गटात ही घट 8 टक्के होती. मात्र ती संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. शिवाय या पंथात धूम्रपान व मद्यपान अत्यल्प असल्याने हे निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करता येत नाहीत.

जीवनसत्त्व ब-12 प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळते. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा लक्षात येते. मांस व माशांतील लोह शरीरात सहज शोषले जाते; डाळी व पालेभाज्यांतील लोह त्यामानाने कमी. लिंबू वा आवळा सोबत घेतल्यास हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. महिन्यातून एखाद्या वेळी खाल्लेल्या मटणावर विसंबून राहण्यापेक्षा दूध, दही, डाळी आणि चालत असल्यास अंडी यांचे नित्य सेवन अधिक भरवशाचे ठरते.

ईट-लॅन्सेट आयोगाने 2019 मध्ये सुचविलेल्या आहारात तांबडे मांस दिवसाला सरासरी 14 ग्रॅम व मासे 28 ग्रॅम इतकेच आहेत. आठवड्याचा हिशेब केल्यास हे प्रमाण सुमारे 100 ग्रॅम मांस व 200 ग्रॅम मासे इतके भरते. रविवारी मटण, बुधवारी मासे आणि उरलेले दिवस वरणभात, उसळ व भाकरी ही अनेक मराठी घरांतील रीत या सूत्रापासून फार दूर नाही. तिचा लाभ मात्र त्या घरातील प्रत्येकाच्या ताटात समान वाटा पडला, तरच पुरता पदरी पडेल.