शास्त्रार्थ आणि साक्ष

प्रकरणावर टिपणी लिहावयास बसले की आम्हां कारकून मंडळींची पहिली धाव पूर्वदाखल्याकडे असते. पूर्वी तसे घडले असेल तर ते योग्य; नसेल तर कागद साहेबांकडे. नीतीचा प्रश्न या रीतीने सुटतो काय, याची परीक्षा १८७० साली पुण्यात झाली.

विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडित व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत असा विवाह घडवून आणताच बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले, आणि पुढील वर्षी शंकराचार्यांपुढे पुण्यात उभय पक्षांचा वाद झाला. कित्येक दिवस वचनास प्रतिवचन दिले गेले. अखेर पंचांचे बहुमत सुधारकांच्या विरुद्ध पडले. विद्वत्तेची वाण तेथे खासच नव्हती. मात्र वाद करणारांत आणि पंचांत विधवा एकही नव्हती. वचनांचा मेळ बसतो की नाही, एवढेच अशा सभेत ठरणार. ते वचन पाळताना माणसाचे काय होते, हे तेथे कोण सांगणार?

आचरणाची वाट सोपी नव्हती. सुधारकांतील अग्रणी माधवराव रानडे यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. त्यांना हसणे सोपे आहे. वडिलांची मर्जी मोडण्याचा प्रसंग आमच्यावर आला असता तर आम्ही काय केले असते, हे छातीठोकपणे सांगवत नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. मुरूड गावाने बहिष्कार घातला व त्याची झळ घरच्या माणसांसही लागली. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळी स्थापिली. परंतु प्रत्यक्ष कामात पडल्यावर त्यांचे स्वतःचे मतही पुढे सरकले. पुनर्विवाह थोड्याच जणींच्या वाट्यास येणार. शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ सर्वांनाच हवे, असे त्यांस दिसून आले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला तो यातून. पुण्याच्या सभेपुढे हा प्रश्नच नव्हता. तेथे अनुज्ञा आहे की नाही, एवढेच पाहिले गेले होते.

गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. वैधव्य आणि संसार दोन्ही भोगलेल्या या बाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रार्थात राहून गेलेली साक्ष त्यात आहे.