माग काढणारे डोळे

ठाणे जिल्ह्यातल्या शिकारीचा इतिहास म्हटला की साहेबाची बंदूक आठवते. माग काढणारा कातकरी किंवा ठाकूर मात्र विसरला जातो. वास्तविक, श्रोतेहो, बंदुकीआधी काम असे ते त्याच्या डोळ्यांचे. चिखलातला सांबराचा खूर, ताजी लेंडी, शिंगे घासून सोललेले खोड, पाणवठ्याची वाट, एवढे पाहून तो जागा सांगे. मग हाकारा उठे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. ही विद्या मात्र निकामी झालेली नाही. येऊर-तानसाच्या रानात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद होते, तिलाही याच खुणा लागतात. गुरुजींनो, गावातल्या अशा जाणत्या म्हाताऱ्याला एक दिवस शाळेत बोलवा. त्याचा इतिहास कागदावर नाही. तो त्याच्याबरोबरच जाईल.