मधुमेही कुत्र्यातील स्वादुपिंडदाह : घरगुती शुश्रूषा

जठराजवळ, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाला लागून असलेले स्वादुपिंड (जुन्या मराठी ग्रंथांतील ‘अग्निपिंड’) अन्न पचविणारी एंझाइमे आतड्यात आणि इन्शुलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. एंझाइमे आतड्यात पोहोचण्यापूर्वीच सक्रिय होऊन ग्रंथीलाच पचवू लागली म्हणजे स्वादुपिंडदाह होतो, आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा कोशिका नष्ट झाल्या की मधुमेह जडतो. वारंवार होणाऱ्या दाहाने या कोशिका नष्ट होत असल्याने एक विकार दुसऱ्याला वाट करून देतो. या ग्रंथीचा व मधुमेहाचा संबंध कळला तोही कुत्र्यांमुळेच : १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले तेव्हा त्याला मधुमेह झाला, आणि १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच इन्शुलिन मिळविले.

पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होणे, लघवी वाढणे, तिच्यावर मुंग्या लागणे आणि भरपूर खाऊनही कुत्रे खंगत जाणे ही मधुमेहाची लक्षणे होत. दाहात उलट्या होतात, अन्नावरची वासना उडते आणि पोटदुखीमुळे कुत्रे पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरते. हा पवित्रा आळस देण्यासारखा दिसत असल्याने पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. तीव्र दाहात शिरेतून द्रव व वेदनाशामके द्यावी लागतात, ते घरी होण्यासारखे नाही. जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी पशुवैद्यकाचे बरेचसे काम गाई-म्हशी व शेळ्यांचे असते. अशा वेळी शेजारच्या परभणीतील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयाचा आधार घेता येतो. तोवर वेदना थांबविण्यासाठी माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घरच्या घरी कुत्र्याला देऊ नयेत.

शुश्रूषेतील खरी अडचण अशी की, मधुमेही कुत्र्याने घड्याळाच्या काट्यावर खाल्ले पाहिजे आणि स्वादुपिंड सुजलेले कुत्रे नेमके अन्नच नाकारते. म्हणून आहार अल्पमेदी व दररोज सारखा ठेवून तो १२ तासांच्या अंतराने दोनदा द्यावा; उलट्या थांबल्यावर सुरुवातीला थोडे थोडे, पण लवकर खाऊ घालावे, कारण फार दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मानली जात नाही. कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, मऊ भात, दुधी किंवा लाल भोपळा हे पदार्थ घरात मिळतात. कोंबडीचे पाणी द्यायचे असल्यास ते थंड करून वर गोठलेला मेदाचा थर चमच्याने काढून टाकावा. दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला साय, तूप, रश्श्यावरची तर्री व सणाची पुरणपोळी मात्र बंद करावी लागते, आणि हे घरातील आजी-आजोबांना व शेजाऱ्यांना सांगणे औषधाइतकेच महत्त्वाचे असते. झायलिटॉल घातलेली ‘शुगर-फ्री’ मिठाई कुत्र्याला विषारी ठरते.

इन्शुलिनची मात्रा पशुवैद्यकच ठरवितो. सामान्यतः दर किलो वजनास पाव ते अर्धे युनिट दिवसातून दोनदा, अशी सुरुवात करून पुढे रक्तशर्करा पाहून ती बदलतात. भारतात ही औषधे प्रति मिलिलिटर ४० व १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० युनिटांचे औषध ४० युनिटांच्या सिरिंजने भरल्यास मात्रा अडीचपट होऊन प्राण जाऊ शकतो, तेव्हा कुपीवरील व सिरिंजवरील आकडा दर वेळी जुळवून पाहावा. गढूळ दिसणारे इन्शुलिन तळहातांत हळूच फिरवून एकजीव करावे, जोराने हलवू नये. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात वीज गेली, तर वापरातील कुपी बंद पिशवीत घालून ओल्या माठात ठेवावी. कोरड्या हवेत हा उपाय बरा चालतो.

कुत्र्याने खाल्ल्यानंतरच सुई द्यावी. त्याने अन्न टाकले किंवा ओकले तर पूर्ण मात्रा न देता पशुवैद्यकाला फोन करावा. तो बहुधा मात्रा अर्धी करावयास सांगतो. मात्र इन्शुलिन स्वतःहून पूर्ण बंद केल्यास शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोने साचतात, श्वासाला नेलपॉलिश पुसण्याच्या द्रावासारखा वास येतो आणि कुत्रे दगावू शकते. याउलट रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ६० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास कुत्रे लटपटते, थरथरते, झटके येतात. अशा वेळी साखरेचा पाक किंवा मध हिरड्यांवर चोळावा, बेशुद्ध कुत्र्याच्या घशात काही ओतू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा. कानाच्या कडेला टोचून ग्लुकोमीटरवर शर्करा पाहता येते. माणसांचे यंत्र कुत्र्याची शर्करा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, हे ध्यानात घेऊन आकडा, वेळ व खाल्लेले अन्न वहीत लिहून ठेवावे. नसबंदी न केलेल्या मादीत माजानंतरचे संप्रेरक शरीराला इन्शुलिनला दाद देऊ देत नाही, म्हणून प्रकृती स्थिरावल्यावर नसबंदी करून घेतात.

मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना पुढे मोतीबिंदू होतो व दिसेनासे होते. आंधळे कुत्रे वासावर व सवयीवर घरभर वावरते. त्यासाठी बाज, माठ आणि पाण्याचे भांडे यांच्या जागा बदलू नयेत.