गिरवलीच्या आधीचे पुणे

कृत्तिकांचा पुंजका डोळ्यांना एकत्र दिसतो. त्यातले खरे सहप्रवासी कोणते, हे सांगायला वर्णपटाची मोठी मदत होते. रेषा निळ्याकडे सरकल्या तर तारा जवळ येत असतो, लालकडे सरकल्या तर दूर जात असतो. रेषांच्या जागा मूलद्रव्ये सांगतात, त्यांचा ठळकपणा प्रमाण सुचवतो.

ही विद्या पुण्यात जुनी आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा सुरू झाली. तेथे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्या तेजोमेघात एक तरुण तारकागुच्छही आहे. त्याची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असे नॉर्मन लॉकियर मानत. पुण्याला ती अरुंद, रेखीव दिसली. लॉकियर यांच्या मताला ते प्रतिकूल होते. ती आयनीभूत प्राणवायूची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. राजुरी ज्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात आहे, तेथे गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका'ची २ मीटर व्यासाची दुर्बीण वर्णपटमापकासह २००६ मध्ये उभी राहिली. मधल्या ९४ वर्षांचा धडा वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही परका नाही: विद्या एका व्यक्तीमुळे सुरू होऊ शकते, टिकते मात्र परंपरेमुळे.