लष्करी जीपगाडी आणि तिचें पेट्रोल

दुसऱ्या महायुद्धांतील एखादी जीपगाडी आजही आपल्याकडील जुन्या मोटारींच्या मिरवणुकींत दृष्टीस पडते. हिरवा रंग ताजा दिलेला, इंजिनाच्या झाकणावर पांढरा तारा काढलेला, आणि मालक मोठ्या अभिमानानें सुकाणूवर बसलेला. भोंवतीं जमलेले लोक पहिला प्रश्न वेगाचा विचारतात, दुसरा किमतीचा. परंतु ज्याच्या पदरीं ही गाडी आहे, त्याला सतावणारा प्रश्न निराळाच असतो. हिच्या पोटांत घालावें तरी काय? ज्या पेट्रोलावर ती वाढली तें आतां कोणत्याही पंपावर मिळत नाहीं, आणि जें मिळतें तें तिच्या जन्मदात्यांनीं डोळ्यांसमोर ठेवलेलें नव्हतें. श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे माणूस गाडीच्या टाकींतून थेट इतिहासांत शिरतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेट्रोलाचा ऑक्टेन-अंक जितका मोठा तितकी त्यांत शक्ति अधिक, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नाहीं. इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें आणि मग ठिणगीनें पेटतें. दाब फार झाला तर मिश्रणाचा कांहीं भाग ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतो आणि आंतून हातोडीचे घाव घातल्यासारखा आवाज येऊं लागतो. कारागीर म्हणतात, इंजिन ठोकूं लागलें. या ठोक्याला पेट्रोल कितपत दाद देत नाहीं, एवढेंच ऑक्टेन-अंक सांगतो. हें माप ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनज्ञानें 1926 सालीं बसविलें. आयसो-ऑक्टेन या द्रवाला शंभर गुण द्यावयाचे, हेप्टेनला शून्य, आणि दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखें आपलें पेट्रोल वागतें तें पाहावयाचें. उष्णता किती मिळेल याचा या अंकाशीं संबंध नाहीं.

ठोक्यावरचा उतारा त्यापूर्वींच सांपडला होता. 1921 च्या डिसेंबरांत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यानें शिशाचें एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलांत चिमूटभर घालून पाहिलें आणि ठोका नाहींसा झाला. 1923 च्या फेब्रुवारींत ओहायो राज्यांतील डेटन गांवीं असें पेट्रोल विक्रीस निघालें. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सीच्या एका कारखान्यांत हें द्रव्य तयार करणारे मजूर भ्रमिष्ट होऊन मेले. शिसें विष आहे हें वैद्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. तरीही तें पुढें सुमारें शंभर वर्षें जगाच्या धुरांतून वाहत राहिलें. सोईपुढें माणसाला शहाणपण सुचत नाहीं, याचें इतकें ढळढळीत उदाहरण यंत्रविद्येच्या इतिहासांत मला दुसरें आठवत नाहीं.

आतां जीपकडे वळूं. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून 1941 ते 1945 या काळांत सुमारें साडेसहा लाख जीपगाड्या बांधल्या. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, साठ अश्वशक्तीचें, आणि मुद्दाम साधें ठेवलेलें. त्यांतील मिश्रण मूळच्या सुमारें साडेसहाव्या हिश्शापर्यंतच दाबलें जातें; हल्लींच्या मोटारींत तें दहाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही अधिक दाबलें जातें. अर्थात् जीपचें इंजिन हलक्या पेट्रोलावरही कुरकुर न करतां चालावें, अशीच तिची घडण होती. गाडी कोणत्या देशांत जाईल, तेथें काय मिळेल, कोण हांकील, याचा भरंवसा नसतांना दुसरें काय करणार?

तरी अमेरिकन सैन्यानें आपल्या गाड्यांसाठीं 80 ऑक्टेनचें शिसेंयुक्त पेट्रोल ठरविलें, तें जीपच्या गरजेमुळें नव्हे. मोटारसायकलीपासून रणगाड्यापर्यंत सर्वांना एकच इंधन पुरवावयाचें, हा त्यांतील हेतु होता. शर्मन रणगाड्याची कथा या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. याच एका रणगाड्यांत कारखान्यांच्या सोईप्रमाणें निरनिराळीं इंजिनें बसविलेलीं असत: विमानाच्या धर्तीचें वर्तुळाकार पेट्रोल-इंजिन, फोर्डचें आठ सिलिंडरांचें, क्रायस्लरनें पांच मोटार-इंजिनें एकत्र जुळवून केलेलें तीस सिलिंडरांचें, आणि जनरल मोटर्सचीं दोन डिझेल इंजिनें जोडीनें. 1942 मध्यें अमेरिकन भूसेनेनें ठरविलें कीं, समुद्रापार आपण पेट्रोलवालेच रणगाडे नेऊं. मग डिझेलवाल्यांपैकीं पुष्कळ रशियास व कांहीं अमेरिकेच्या नाविक पलटणींस गेले. रशियनांचा स्वतःचा टी-34 डिझेलवरच चालत असल्यानें त्यांना तें सोईचेंच पडलें. डिझेल तितक्या सहजासहजीं पेट घेत नाहीं, हा गुण सर्वांनाच माहीत होता. पण आघाडीवर दोन प्रकारचे डबे पोहोंचविण्याचा घोर त्याहून मोठा वाटला. इंग्रजांना हा घोर टळला नाहीं. त्यांचा मटिल्डा रणगाडा डिझेलचा, चर्चिल पेट्रोलचा. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत हे दोन्ही आज शांतपणें उभे आहेत. त्यांच्यासमोर उभें राहून पाहणाऱ्यानें तोफेच्या नळीबरोबरच टाकीच्या तोंडाचाही विचार करावा, अशी माझी शिफारस आहे.

डब्यांचा विषय निघाला म्हणून सांगतों. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत, जेथें आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या, इंग्रजांचें पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून जाई. हे डबे वाटेंतच चेपत, सांधे उलत, आणि कित्येकदां जवळजवळ तिसरा हिस्सा पेट्रोल वाळूनें पिऊन टाकलेलें असे. जर्मनांजवळ मात्र वीस लिटरचा, दोन अर्धे जोडून केलेला, तीन मुठींचा मजबूत डबा होता. इंग्रज शिपाई तो सांपडला कीं घरचें भांडें असल्यासारखा जपत. पुढें दोस्तांनीं त्याचीच नक्कल केली आणि जर्मनांवरूनच त्याला जेरीकॅन हें नांव पडलें. जीपच्या पाठीशीं बांधलेला डबा तो हाच.

आपल्या देशांत त्या वेळीं स्थिति काय होती? 1942 च्या एप्रिलांत जपानी फौजा जवळ येतांच इंग्रजांनीं ब्रह्मदेशांतील येनांजाँगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनीं उद्ध्वस्त केल्या, आणि हिंदुस्थानास तेल पुरविणारा मोठा झरा आटला. नागरिकांसाठीं पेट्रोलाचें नियंत्रण 1941 मध्येंच सुरू झालें होतें. पाठीमागें कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर धापा टाकीत चालणाऱ्या मोटारी ही त्या काळची ओळखीची वस्तु. दुसरीकडे त्याच सुमारास कलकत्त्याजवळील बजबजपासून आसामांतील तिनसुकियापर्यंत सैन्यानें तेलाची नळवाट टाकली, आणि 1945 मध्यें तिची सांखळी थेट चीनमधील कुनमिंगपर्यंत पोहोंचली. सामान्य माणूस कोळसा जाळीत होता आणि सैन्याचें पेट्रोल डोंगर ओलांडीत होतें.

युद्ध संपल्यावर सैन्यानें टाकून दिलेल्या गाड्या लिलावांत निघाल्या. डिस्पोजलची जीप हा शब्दच तेव्हांपासून आपल्याकडे रूढ झाला. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला, त्यामुळें सुटे भाग मिळत राहिले आणि पुष्कळ लष्करी गाड्या शेतांत, जंगलांत, निवडणुकींच्या धामधुमींत राबत जिवंत राहिल्या. नेमक्या याच गाड्यांपुढें आज दोन नव्या अडचणी उभ्या आहेत.

पहिली अडचण शिशाची, आणि ती लोक समजतात तितकी मोठी नाहीं. 1 फेब्रुवारी 2000 पासून सबंध भारतांत शिसेंविरहित पेट्रोलच मिळूं लागलें. 2021 मध्यें अल्जीरियानें तें बंद केल्यावर मोटारींच्या पेट्रोलांतून शिसें जगांतूनच गेलें. बरें झालें. शिशाचा एक लपलेला उपयोग मात्र होता. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा पातळ थर बसे आणि लालबुंद व्हॉल्व्ह आपटून बैठक झिजण्यापासून वांचे. शिसें नसतांना सतत भरधांव व भार घेऊन चालणाऱ्या गाडीची बैठक हळूहळू खचते. पण मिरवणुकींत ताशीं तीसचाळीस किलोमीटरनें जाणाऱ्या जीपला हें भय थोडें. इंजिन कधीं उघडण्याची वेळ आलीच, तर कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्याव्यात. तोंपर्यंत बाटलींतल्या औषधांवर पैसे उधळूं नयेत. विमानांच्या पेट्रोलांत अद्यापि शिसें असतें म्हणून तें मिळविण्याचा खटाटोप कांहीं हौशी लोक करतात, तो बेकायदेशीरही आहे आणि निरर्थकही. शंभर ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलाचेंही तेंच. आपल्याकडील साध्या पेट्रोलाचा अंक 91 हून कमी नसतो. अंक मोजण्याच्या रीती दोन आहेत खऱ्या, पण कोणत्याही रीतीनें मोजलें तरी जीपची गरज त्यांत सहज भागते.

दुसरी अडचण मद्यार्काची, आणि ती खरी आहे. पेट्रोलांत मद्यार्क मिसळणें आपल्याला नवें नाहीं. त्यासाठीं कायदाच 1948 मध्यें झाला होता. 2003 पासून महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत पांच टक्के इथेनॉल मिसळूं लागले. 2022 मध्यें देशभर प्रमाण दहा टक्क्यांवर गेलें, आणि 2025 मध्यें वीस टक्क्यांवर. आपल्या ऊंसकऱ्यांना त्यांतून चार पैसे मिळतात, परदेशी तेलाचा खर्च वांचतो. त्याविरुद्ध बोलण्याचें कारण नाहीं. परंतु 1942 च्या गाडीला हा पाहुणा मानवत नाहीं. मद्यार्क पाणी शोषून घेतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हवेंतील ओल त्यांत शिरते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलें कीं मद्यार्क व पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशीं बसतात. जीपची पत्र्याची टाकी चालकाच्या बैठकीखालींच आहे; तिचा तळ आंतून गंजूं लागतो. जुन्या काळचें रबर मद्यार्कानें फुगतें, मऊ होतें, पंपाचा पडदा फाटतो, नळी झिरपते. गरम इंजिनाशेजारीं झिरपणारी नळी म्हणजे काय, हें सांगावयास नकोच. शिवाय मद्यार्कांत प्राणवायु मुळांतच असल्यानें वीस टक्क्यांचें मिश्रण जुन्या कार्ब्युरेटरला पातळ पडतें. नव्या मोटारीचें विजेचें डोकें हें ओळखून पेट्रोल वाढवितें. जीपच्या कार्ब्युरेटरला डोकें नाहीं, नुसतें भोंक आहे. तें भोंक कुशल कारागिराकडून किंचित मोठें करून घ्यावें लागतें, नाहींतर इंजिन तापतें आणि चढावर दम सोडतें.

तेव्हां करावें काय? इथेनॉल नसलेलें पेट्रोल खात्रीनें मिळत असेल तर जीपसाठीं तेंच घ्यावें, अंक कितीही असो. न मिळाल्यास नळ्या, पंपाचा पडदा आणि सर्व वॉशर मद्यार्कास टिकणाऱ्या नव्या रबराचे घालावे. यांत काटकसर करूं नये. टाकी प्रथम धुवून घ्यावी, कारण मद्यार्क वर्षांचा सांचलेला चिकटा सोडवितो आणि तो गाळणींत जाऊन अडकतो. पहिल्या शेंदोनशें किलोमीटरांत गाळणी दोनदां तरी उघडून पाहावी. पेट्रोल खूप चालणाऱ्या पंपावरून, लागेल तेवढेंच घ्यावें.

सैन्यानें स्वतः हा प्रश्न पुढें निराळ्या तऱ्हेनें सोडविला. 1959 पासून जबलपुरास बनूं लागलेल्या शक्तिमान ट्रकचें इंजिन डिझेलच्या जातीचें असून अनेक प्रकारचीं इंधनें पचवी. 1965 च्या लढाईंत गाजलेला आपला सेंच्युरियन मात्र पेट्रोलवरच चाले, आणि भरलेल्या टाकींत फार लांब जात नसे. शक्तिमानसारखी गाडी ज्याच्याकडे आहे त्यानें मात्र, सर्व पचतें म्हणून, पेट्रोल ओतूं नये. ती सोय आणीबाणीची होती; पेट्रोलांत वंगण नसल्यानें पंप झिजतो. तिला स्वच्छ डिझेलच द्यावें.

जीपचें एक काम मात्र मृगाच्या आधीं उरकलेंच पाहिजे. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीच्या तळाचा बूच काढून पेट्रोल पूर्ण उतरवावें, मग इंजिन चालूं करून कार्ब्युरेटरमधील उरलेलें जळूं द्यावें, आणि टाकी कोरडी झाल्यावर आंतून तेलाचा हात फिरवून बूच घट्ट लावावा. उतरविलेलें पेट्रोल रोजच्या मोटारींत चालतें.